पाटीवर पुणे, पण गाडी कोणत्या मार्गे?

पोरी, सीईटीचा निकाल लागला, पेढे वाटून झाले आणि आता घरात रोज नवं कॉलेज निघतंय. तुझा बाप पुण्यावर अडून बसलाय, आई संभाजीनगरच्या पुढे जाऊ देत नाही, मामाला नांदेडचं वेड. मी बीड डेपोत कंडक्टरकीत जन्म घालवला. पाटीवर नुसतं ‘पुणे’ वाचून चढणारा प्रवासी घाटात कुरकुरतो. पाटीवरचं ‘मार्गे’ वाचलेला निवांत झोपतो. कॉलेजाचंही ‘मार्गे’ वाचायला शीक.

जुनी नावं आधी घे. पुण्याचं सीओईपी 1854 चं, सांगलीचं वालचंद 1947 चं, संभाजीनगरचं शासकीय अभियांत्रिकी 1960 चं, नांदेडचं गुरु गोबिंदसिंगजी 1981 चं. यांनी नाव कमावलंय, मिळालं तर घ्यावं. डोकं खाजवायचं ते त्यांच्याखालच्या ढिगासाठी. तिथं प्रत्येकाचं माहितीपत्रक गुळगुळीत आणि प्रत्येकाच्या फाटकावर कमान.

तिथं कटऑफच्या याद्या उघड. गेल्या दोन वर्षांच्या, आणि शेवटच्या फेरीच्याही. त्यातली अक्षरं बघून घाबरू नकोस, तिकिटावरच्या खुणांसारखीच आहेत ती. सुरुवातीचं ‘जी’ म्हणजे सर्वसाधारण, ‘एल’ म्हणजे मुलींच्या राखीव जागा. मध्ये प्रवर्ग. शेवटी ‘एच’ असेल तर गृह विद्यापीठाच्या मुलांसाठी, ‘ओ’ असेल तर बाहेरच्यांसाठी, ‘एस’ असेल तर राज्यभरासाठी. तुझा रकाना ‘एल’चाही आहे. लोक फक्त ‘जी’ बघतात आणि पोरीला जागा असून नाही म्हणतात.

या ‘एच’वरून आपल्याकडं फार गोंधळ होतो. गृह विद्यापीठ घर कुठं आहे यावरून ठरत नाही, बारावी कुठून पास झाली यावरून ठरतं. तू बारावी बीडलाच केलीस, म्हणून संभाजीनगर, जालना, बीड आणि धाराशिव हे चार जिल्हे तुझे. आपल्या पाली गावातलीच जी पोरं बारावीला लातूरला गेली, त्यांचं गृह विद्यापीठ नांदेडचं झालं. शेजाऱ्याच्या पोराला अमुक पर्सेंटाइलवर लागलं म्हणून तुलाही लागेल, हा हिशेब इथंच चुकतो. आणि पर्सेंटाइल म्हणजे टक्के नव्हेत. दरवर्षी मुलांची संख्या बदलते, म्हणून गुणवत्ता क्रमांकाशी ताडून बघ.

कॉलेज ‘नॅक’ मानांकित आहे असं कोणी ठासून सांगितलं तर मान हलव आणि पुढचं विचार: मला हवी ती शाखा एनबीएची मान्यताप्राप्त आहे का? नॅक अख्ख्या संस्थेला जोखतं, एनबीए एकेका अभ्यासक्रमाला. एकाच इमारतीत मेकॅनिकलला मान्यता आणि काल सुरू झालेल्या शाखेला नाही, असं सर्रास असतं.

पॅकेजच्या फलकांवर तर माझा काडीचा विश्वास नाही. फलकावर एका पोराचा फोटो आणि मोठा आकडा. साठाच्या वर्गातले बाकीचे एकोणसाठ कुठं गेले? एनआयआरएफच्या क्रमवारीत उतरणाऱ्या कॉलेजांना किती मुलं उत्तीर्ण झाली, किती नोकरीला लागली आणि त्यांचा मध्यक पगार किती, हे कळवावं लागतं. ते पान बहुतेकांच्या संकेतस्थळावरच असतं. मध्यक म्हणजे सगळ्यांना पगाराच्या क्रमानं रांगेत उभं केलं तर मधल्याचा. तू मधलीच समजून बघ.

आता पैसा. यात मी पोळलोय, म्हणून जरा जास्त बोलतो. माझ्या थोरल्याला एका खासगी कॉलेजात घातलं तेव्हा शिकवणी शुल्काचा आकडा बघूनच हुरळलो होतो. मग विकास शुल्क, कॉलेजची बस, वसतिगृह, मेस, अनामत असं एकेक निघालं आणि दुसऱ्या वर्षी म्हैस विकली. तू चार वर्षांची बेरीज आत्ताच वहीत मांड. तुझ्या बाजूनं एक मोठी गोष्ट आहे. 2024 पासून ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसीतल्या, आठ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या घरच्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचं शिक्षण आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ आहे. पण प्रवेश ‘कॅप’मधून, म्हणजे सरकारी केंद्रीय प्रवेश प्रक्रियेतून हवा. व्यवस्थापन कोट्यातून गेलीस की माफी गेली. राहणं-जेवणं तर त्यात नाहीच. एसटीत बायामुलींना मार्च 2023 पासून अर्धं तिकीट आहे, तेवढा आधार धर.

कॉलेज एकदा बघून ये, पण रविवारी नको. कामाच्या दिवशी, दुपारी तीनला. प्रयोगशाळेला कुलूप आहे का बघ. दुसऱ्या-तिसऱ्या वर्षाच्या पोरींना कँटीनमध्ये गाठ, वसतिगृहाचं पाणी आणि रात्री परतायची वेळ विचार. प्राचार्यांच्या केबिनमध्ये जे कळत नाही ते तिथं चहाच्या कपात कळतं.

पर्याय भरताना मनातला क्रम लाव. ‘हे मिळणार नाही’ म्हणून वरचं नाव गाळू नकोस. यंत्र वरून खाली बघत येतं, वर लिहिल्यानं खालचं हातचं जात नाही. मात्र जिथं जायचंच नाही ते भरूही नकोस, कारण पहिल्या फेरीत पहिलाच पर्याय मिळाला की तो पक्का धरला जातो. फेऱ्यांचे नियम दरवर्षी हलतात, माहिती पुस्तिका स्वतः वाच. फॉर्म कॅफेवाल्याच्या हाती सोडून चहाला जाऊ नकोस, आणि पासवर्ड तुझ्याच वहीत राहू दे.

नॉन-क्रिमी लेयर लागत असेल तर त्याची मुदत पुढच्या 31 मार्चपर्यंत आहे ना, ते आज रात्रीच बघ. नसेल तर सकाळी पहिल्या गाडीनं बीडला चल, मी येतो बरोबर. सेतू केंद्रात अकरानंतर उभं राहायला जागा मिळत नाही.