वाण्याची वही आणि आपली रोकड



पगार हाती आला की आपल्या धर्मग्रामातील बरीच कुटुंबे मोठ्या सवलतीच्या दुकानात जातात. तेल, साखर, तांदूळ, साबण, सारे रोखीने घेतात. तेथे उधार मिळत नाही, कोणी मागतही नाही. वीस तारखेनंतर मात्र नाक्यावरचा वाणी आठवतो. "वहीत लिहून ठेवा."

स्वस्ताई शोधणे हे पाप नव्हे. घर चालवणाऱ्या माउलीला रुपया न् रुपया मोजावा लागतो, तिला बोल लावण्याचा आमचा हेतू नाही. पण माल स्वस्त का मिळतो, हे समजून घेऊ. २००२ साली पवईत पहिले दुकान काढणाऱ्या डीमार्टचे उदाहरण पाहा. त्यांची बहुतेक दुकाने स्वतःच्या जागेत आहेत, म्हणून भाड्याचा बोजा कमी. खरेदी प्रचंड. शिवाय माल पुरवणाऱ्यांचे पैसे ते लवकर चुकते करतात, त्यामुळे त्यांना अधिक सूट मिळते.

वाण्याचे नेमके उलटे होते. त्याचा पैसा आपल्या बाकीत अडकलेला. घाऊक व्यापाऱ्याला रोख देता येत नाही, म्हणून सूट नाही. सूट नाही म्हणून तो छापील किमतीने विकतो. मग आपण म्हणतो, हा महाग आहे!

मजुराची मजुरी रात्रभरही आपल्याजवळ ठेवू नये, असे लेवीय ग्रंथ (१९:१३) सांगतो. वाणी काही आपला मजूर नाही, पण त्याचे कष्टाचे पैसे महिनोन्‌महिने आपल्याकडे राहतात, हे त्याच जातीचे आहे. पोप बेनेडिक्ट सोळावे यांनी २००९ च्या परिपत्रकात (परिच्छेद ६६) खरेदी हे केवळ आर्थिक नव्हे, तर नैतिक कृत्य आहे, असे शिकवले. तेथेच त्यांनी ग्राहकांच्या सहकारी संस्थांचा उल्लेख केला आहे. त्या उभारण्यात कॅथलिकांचाही वाटा होता.

दुकानदारांनाही हा मार्ग मोकळा आहे. १८९८ साली बर्लिनमधील किराणा दुकानदारांनी एकत्र खरेदीसाठी सहकारी संस्था काढली. त्यातूनच पुढे एडेका उभी राहिली. अमेरिकेची वॉलमार्ट १९९७ साली जर्मनीत आली आणि २००६ मध्ये परत गेली. त्याची कारणे अनेक होती, पण एडेका आजही तेथील सर्वात मोठी किराणा साखळी आहे, आणि तिची बरीच दुकाने स्वतंत्र व्यापारी चालवतात. आपल्याकडे दोन दुकानदार शेजारी असले तरी एका टेम्पोत माल आणत नाहीत, हेही खरे.

येत्या समूह सभेत, रोख यादीतील कोणत्या वस्तू नाक्यावरून घेता येतील आणि पगाराच्या दिवशी जुनी बाकी आधी कशी देता येईल, यावर बोलावे. कोणाची किती उधारी आहे, हे मात्र सभेत विचारू नये. ज्या घरात नोकरी गेली आहे किंवा आजारपण आहे, त्यांनी संत व्हिन्सेंट डी पॉल सोसायटीच्या सभासदांना खाजगीत सांगावे.