आधी धागा ओळखा, मग डाग

गालिच्यावर काही सांडले की घरातला प्रत्येक जण एकच विचारतो: हा डाग कशाने जाईल? माझ्या मते नासाडीची सुरुवात इथेच होते. आधी विचारायला हवे ते हे, की डाग पडलाय कशावर? आमटीचा एकच ओघळ लोकरीच्या गालिच्यावर, नायलॉनच्या कार्पेटवर आणि तागाच्या चटईवर पडला, तर ती तीन निराळी दुखणी आहेत. एकाचा उतारा दुसऱ्याला मारक ठरू शकतो.

लोकरीचेच पाहा. लोकर म्हणजे केराटिन, आपल्या केसांसारखेच प्रथिन. रक्ताचे, दुधाचे डाग घालवणाऱ्या अनेक पावडरींत प्रथिने फोडणारी एन्झाइम असतात. डागातले प्रथिन कोणते आणि गालिच्यातले कोणते, हा भेद ती करत नाहीत. क्लोरीनचे ब्लीच त्याहून घातक. लोकरीचा धागा त्यात बुडवून ठेवला तर चक्क विरघळून जातो. धुण्याचा सोडाही लोकरीला सोसत नाही, आणि गरम पाणी घालून घासले की तंतू एकमेकांत गुंततात, लव राठ होते. म्हणून लोकरीवर गार पाणी, लोकरी कपड्यांचा सौम्य द्रव साबण, चहाच्या डागावर पाणी मिसळलेले पांढरे व्हिनेगर, आणि घासणे नाहीच, फक्त टिपणे. नायलॉन दणकट खरा, पण काही रंग तो लोकरीसारखेच आत ओढून घेतो. सरबताचा लाल रंग त्यावर पक्का बसतो तो त्यामुळेच. पॉलिप्रॉपिलीन याच्या उलट. ते रंग घेतच नाही, म्हणून धागा काढण्याआधीच वितळलेल्या प्लास्टिकमध्ये रंग मिसळतात. तेलाशी मात्र त्याची सलगी आहे. तिथे भांड्यांच्या साबणाचे पाणी कामाला येते.

यावर कोणी म्हणेल, हळदीचा डाग उन्हात आपोआप जातो, मग एवढा खटाटोप कशाला? उन्हाने हळदीचा रंग उडतो हे खरे आहे. पांढऱ्या सुती सतरंजीला तो उपाय मी बेलाशक सुचवेन. पण रंगीत लोकरीच्या गालिच्याचे रंगही उन्हाने विटतात, आणि डागाच्या जागी फिकट ठिगळ उमटते. साबण लावल्यावर हळद लाल होते तेव्हा घाबरून आणखी साबण ओतू नये. हळदीत चुना मिसळला की कुंकवाचा लाल रंग येतो, तीच ही क्रिया. आंबट पाण्याने ती पुन्हा पिवळी होते.

दुसरा आक्षेप रास्त आहे: लेबल नसेल तर धागा ओळखायचा कसा? गालिच्याच्या कडेचे, उलट्या बाजूचे दोन तंतू कापा, चिमट्यात धरून स्टीलच्या ताटलीवर जाळा. केस जळल्याचा वास आला आणि राख बोटांनी चुरली तर लोकर. कागदासारखे भुरभुर जळले तर सूत, ताग किंवा व्हिस्कोज. वितळून कडक मणी झाला तर कृत्रिम धागा. त्याचाच दुसरा तुकडा साबणाच्या पाण्यात दाबून सोडा: तरंगला तर पॉलिप्रॉपिलीन, बुडाला तर नायलॉन वा पॉलिएस्टर. मिश्र धाग्यांत ही परीक्षा फसते. तिथे सर्वांत नाजूक धागा गृहीत धरून चालावे.

मला सर्वांत काळजी वाटते ती व्हिस्कोजची. ‘आर्ट सिल्क’, ‘बांबू सिल्क’ अशा नावांनी ते रेशमासारखे चमकत विकले जाते, आणि भिजले की त्याची ताकद निम्म्याच्या आसपास उतरते. ओल्या लवेवर ब्रश फिरला तर ती दबून जाते, वाळताना पिवळटही पडू शकते. तागाचेही तसेच, पाणी मुरले की तपकिरी कडा उमटते. या दोघांवर पांढरे सुती फडके ठेवून तळहाताने दाबावे, फडके बदलत राहावे, आणि उरेल ते जाणकार धुलाईवाल्याकडे द्यावे. देताना धागा कोणता, काय सांडले आणि आपण त्यावर काय ओतले, हे तिन्ही सांगावे. तिसरे बहुतेक जण लपवतात.