पेटंट कसे मिळवावे

४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती डॉ. राजेंद्र प्रसाद यांच्या हस्ते भिलाई येथील पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन झाले. त्या प्रचंड कारखान्याच्या आसऱ्याने दुर्ग-भिलाई परिसरात यंत्रभाग घडविणाऱ्या, ओतकाम करणाऱ्या अनेक लहान कर्मशाळा उभ्या राहिल्या. अशा कर्मशाळेत रोज काम करणाऱ्या कारागिरालाच हत्यारातील उणीव प्रथम जाणवते, आणि पुष्कळदा तिच्यावरचा उपायही त्यालाच सुचतो. तो उपाय शेजारच्या शेडमध्ये चार दिवसांत उचलला जातो हेही तितकेच खरे. अशा वेळी कायदा त्याला कोणते साहाय्य देतो, ते येथे पाहावयाचे आहे.

पेटंट, अथवा शासकीय परिभाषेतील ‘एकस्व’, हा एक प्रकारचा सौदा होय. शोधकाने आपली युक्ती लपवून न ठेवता लोकांपुढे संपूर्णपणे मांडावयाची. त्याच्या मोबदल्यात ठराविक मुदतीपर्यंत इतरांस तिचा वापर करण्यास मनाई करण्याचा अधिकार त्याला मिळतो. मुदत संपली की ती युक्ती सर्वांची होते. हिंदुस्थानात या विषयाचा पहिला कायदा १८५६ साली झाला. त्याखाली अधिकार मागणारे पहिले गृहस्थ कलकत्त्याचे जॉर्ज आल्फ्रेड डीपेनिंग हे होते, आणि त्यांची युक्ती पंखा ओढण्याच्या यंत्राची होती. उष्ण देशातील पहिले पेटंट पंख्याचे असावे यात नवल नाही! सध्याचा कायदा १९७० सालचा असून तो २० एप्रिल १९७२ पासून अमलात आला. आता पेटंटाची मुदत अर्ज दाखल केल्याच्या तारखेपासून २० वर्षे आहे.

एक उदाहरण कल्पू या. ओतशाळेत वितळलेल्या लोखंडाचा रस लेडलमधून साच्यात ओतताना वर तरंगणारी मळी रसाबरोबर साच्यात शिरते व ओतीव भाग सदोष होतो. समजा, एका कारागिराने लेडलच्या मुखासमोर मातीचा लेप दिलेली पट्टी बसविली, आणि लेडल कलेल तसतशी ती तरफेच्या योगाने खाली सरकेल अशी व्यवस्था केली. हिला पेटंट मिळेल काय?

कायदा तीन गोष्टी पाहतो. युक्ती नवी असावी. त्या विषयातील जाणत्या माणसाला ती सहज सुचण्याजोगी नसावी. आणि उद्योगात तिचा उपयोग होणारा असावा. उपयोगाविषयी आपल्या कारागिराला चिंता नको. परंतु मळी मागे राहावी म्हणून किटलीसारखे तोंड असलेली लेडल ओतशाळांत पूर्वीपासून वापरात आहे. यास्तव ‘मळी अडविणे’ एवढेच त्याला आपले म्हणता येणार नाही. त्याचे स्वतःचे असे काही असेल तर ते सरकत्या पट्टीच्या व्यवस्थेत आहे. जुनी पेटंटे व तांत्रिक ग्रंथ आधी चाळून पाहणे हे अर्जाच्या खर्चापेक्षा फार स्वस्त पडते.

जुन्या लिखाणाचे सामर्थ्य केवढे असते याचे उदाहरण हळदीचे आहे. जखम भरून येण्यासाठी हळद वापरण्याबद्दल मार्च १९९५ मध्ये अमेरिकेत एक पेटंट देण्यात आले. डॉ. रघुनाथ माशेलकर यांच्या नेतृत्वाखालील वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेने त्यास आव्हान दिले. आपल्या घरोघरी ठाऊक असलेली ही गोष्ट केवळ तोंडी सांगून भागणारी नव्हती. जुने लेख पुढे ठेवावे लागले. त्यांत १९५३ सालच्या एका भारतीय वैद्यकीय नियतकालिकातील लेखही होता. १९९७ मध्ये ते पेटंट रद्द झाले. आपल्या कायद्यात पारंपरिक ज्ञानाला मुळातच पेटंट नाही. त्याचप्रमाणे शेतीच्या पद्धती आणि गणिती रीती यांनाही नाही.

नवेपणाचा नियम स्वतः शोधकालाही लागू आहे, आणि येथेच पुष्कळ लोक फसतात. अर्जापूर्वी त्याने आपली पट्टी लेखातून प्रसिद्ध केली अथवा उघडपणे विकली, तर त्याच्याच कृतीने ती ‘जुनी’ ठरू शकते. शासनाने अधिसूचित केलेल्या प्रदर्शनात मांडल्यास १२ महिन्यांची सवलत आहे. परंतु शाळेच्या किंवा गावच्या प्रत्येक प्रदर्शनाला ती असते असे मानू नये. आधी अर्ज, मग प्रदर्शन, हाच क्रम बरा.

पेटंटाची कार्यालये कोलकाता, दिल्ली, चेन्नई व मुंबई येथे आहेत. छत्तीसगडचा समावेश महाराष्ट्र, गुजरात, मध्यप्रदेश व गोवा यांच्याबरोबर मुंबई कार्यालयाच्या क्षेत्रात होतो. म्हणून भिलाईच्या कारागिराचा अर्ज मुंबईकडे जातो. मात्र आता तो संगणकाद्वारे घरूनही दाखल करता येतो. अर्जासोबत शोधाचे वर्णन, म्हणजे विनिर्देश, जोडावा लागतो. काम अपुरे असल्यास प्रथम तात्पुरता विनिर्देश देऊन तारीख पदरात पाडून घेता येते. पुढे १२ महिन्यांच्या आत पूर्ण विनिर्देश दिला नाही, तर अर्ज सोडून दिला असे समजतात. व्यक्तीने संगणकाद्वारे अर्ज केल्यास ३० पृष्ठे व १० दाव्यांपर्यंत शुल्क १६०० रुपये आहे. कारागीर नोकरीत असेल तर हक्क त्याचा की मालकाचा, हे बहुधा नोकरीच्या करारावर ठरते. तो करार अर्जापूर्वी वाचावा.

पूर्ण विनिर्देशाचे मर्म त्याच्या अखेरीस दिलेल्या दाव्यांत असते. वर्णन हे घर दाखविते, दावे कुंपण घालतात. आपल्या कारागिराने ‘दोन बोल्टांनी बसविलेली लोखंडी पट्टी’ असा दावा लिहिला, तर शेजारी बोल्टांऐवजी पकड लावून मोकळा होईल. उलट ‘मळी अडविणारे कोणतेही साधन’ असे लिहिले, तर परीक्षक किटलीच्या तोंडाकडे बोट दाखवून तो दावा फेटाळील. ‘लेडलच्या मुखासमोरील फलक, आणि लेडल कलत असता तो रसाच्या पातळीनुसार सरकविणारी तरफ’ ही मांडणी या दोहोंच्या मधली होय. हे लेखन कठीण आहे. पात्रता-परीक्षा उत्तीर्ण झालेल्या पेटंट-अभिकर्त्याला पैसे द्यावयाचे असतील तर ते याच कामासाठी द्यावेत.

दाखल झालेला अर्ज सामान्यतः १८ महिन्यांनंतर प्रसिद्ध होतो. परीक्षण आपोआप होत नाही. त्यासाठी वेगळी विनंती करावी लागते. १५ मार्च २०२४ पासूनच्या अर्जांना त्याची मुदत ३१ महिने आहे आणि व्यक्तीस शुल्क ४००० रुपये पडते. परीक्षकाच्या पहिल्या अहवालात आक्षेप असतातच; त्यांनी गांगरून जाऊ नये. त्यांची पूर्तता सहा महिन्यांत करावयाची असते. अर्ज प्रसिद्ध झाल्यापासून पेटंट मिळेपर्यंत कोणालाही हरकत घेता येते, आणि मिळाल्यावरही हितसंबंध असलेल्यास एक वर्षाची मुदत असते.

पेटंटाचा अंमल ज्या देशाने ते दिले त्याच्या सीमेपर्यंतच चालतो. मुंबईत जन्मलेले शंकर आबाजी भिसे यांनी छापखान्याचे खिळे ओतणाऱ्या यंत्रावर परदेशात राहून परिश्रम केले, ते या कारणानेही उद्बोधक आहे: जेथे यंत्र खपावयाचे तेथे हक्क मिळवावा लागतो. भारतात राहणाऱ्याने मात्र परदेशी अर्ज करण्यापूर्वी परवानगी घ्यावी, किंवा येथे अर्ज करून सहा आठवडे थांबावे.

पेटंट हाती आले म्हणजे काम संपले असे नाही. पोलादाच्या इतिहासातच याचा दाखला आहे. बेसेमर यांच्या भट्टीतील पोलाद ठिसूळ निघे. त्यात मँगॅनीजयुक्त लोखंड मिसळल्यास ते सुधारते, हे रॉबर्ट मशेट यांनी दाखविले व १८५६ साली इंग्लंडात पेटंट घेतले. १८५९ मध्ये ५० पौंडांचे मुद्रांक-शुल्क भरावयाचे होते. पेटंटाचा कारभार ज्यांच्या हाती होता त्यांनी ते भरले नाही, आणि हक्क नाहीसा झाला. त्यानंतर जो तो ती रीत फुकट वापरू लागला. १८६६ साली मशेट यांची सोळा वर्षांची मुलगी मेरी एकटी लंडनला जाऊन बेसेमर यांना भेटली. तेव्हा त्यांनी तिच्या वडिलांना वर्षाला ३०० पौंड देण्याचे ठरविले. तो त्यांचा उदारपणा होता, मशेट यांचा कायदेशीर हक्क नव्हे.

आपल्याकडे नूतनीकरण-शुल्क तिसऱ्या वर्षापासून दरवर्षी भरावे लागते. तारीख चुकल्यास जादा शुल्कासह सहा महिन्यांपर्यंत भरता येते. तेही चुकले, तर हक्क संपल्यापासून १८ महिन्यांच्या आत पुनःस्थापनेचा अर्ज करता येतो. मात्र शुल्क जाणूनबुजून चुकविले नव्हते हे त्यात पटवून द्यावे लागते.