वड-पिंपळाच्या गोतावळ्याची कुंडी

अगं, अंधेरीच्या नव्या घरात रबर प्लांट आणलंस, छान केलंस. पण ते एकटं नाही, त्याचा गोतावळा मोठा आहे. वड, पिंपळ, उंबर, अंजीर, रस्त्याकडेचा नांद्रुक, तुला हवं असलेलं फिडल लीफ, सगळी एकाच कुळातली. पान खुडलं की पांढरा चीक येतो. या कुळाचा हट्ट एकच : एकदा बसवलं की सारखं हलवायचं नाही.

म्हणून आधी जागा ठरव. पूर्वेची खिडकी उत्तम. समोरची इमारत अगदी चिकटून असेल तर रबर तग धरेल, फिडल लीफ नाही धरणार. एसीच्या झोतात तर कुठलंच ठेवू नकोस. बारीक पानांचा बेंजामिना जागा बदलली की भराभर पानं टाकतो. तेव्हा घाबरून पाणी ओतू नकोस. धीर धर, पालवी येते.

पाण्याचं सांगते. बोट दोन पेरं मातीत घाल. कोरडं लागलं तरच पाणी, आणि तेही खालून निथळेपर्यंत. बशीत साचलेलं ओतून दे, नाहीतर मुळं कुजतात आणि डेंग्यूचे डासही होतात. आपल्याकडे पावसाळ्यात हवाच ओली, तेव्हा हात आखडता घे. बांधकामांच्या धुळीने पानं राखाडी होतात. पानाखाली तळहात धरून ओल्या फडक्याने अलगद पुसत जा. पुसताना शेंडा बघ : रबराचं नवं पान लालसर टोपड्यात गुंडाळलेलं असतं. पान उलगडलं की टोपडं सुकून आपोआप गळतं, ते ओढून काढायचं नाही. देठाशी कापसासारखं पांढरं दिसलं तर पिठ्या ढेकूण समज. तो पुसून काढ आणि कडुनिंबाचं तेल फवार. छाटणी करताना चीक हाताला, डोळ्यांना लागू देऊ नकोस, आणि घरात रांगतं मूल किंवा मांजर असेल तर कुंडी उंचावर ठेव.

अंजीर मात्र घरात नको, त्याला कडक ऊन लागतं. गच्ची असेल तर मोठ्या ड्रममध्ये लाव. जात घे पूना अंजीर, पुरंदरात हीच लावतात. तिथल्या अंजिराला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकनही मिळालं. उंबर फोडलं की आत केंबरं दिसतात ना? उंबराचं परागीकरण तीच करतात. पूना अंजिराला त्यांची गरज नाही, म्हणून गच्चीवरही फळ धरतं. पावसाळ्यात पानांवर तांबेरा पडतो, फळंही फुटतात. पाऊस सरला की छाटणी कर, फळ नव्या फुटीवर येतं.

आता महत्त्वाचं. पक्ष्यांच्या विष्ठेतून छज्ज्यावर, पाइपमागे पिंपळ उगवतो. कुणी उपटायला धजत नाही, आणि मग मुळं भिंत फोडतात. पहिल्या पावसात, चार पानांचा असतानाच मुळासकट सोडव, कुंडीत वाढव आणि मोकळी जमीन असलेल्या माणसाला दे. त्यात पाप नाही, उलट झाडाला त्याची जागा मिळते. वड-पिंपळाचं बोन्साय करणाऱ्यांशी माझं भांडण नाही, पण या झाडांचं खरं घर जमिनीतच.

दत्ताचा म्हणून औदुंबर आणि सावित्रीचा म्हणून वड आपल्या लोकांनी राखला, म्हणूनच बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानापासून सोसायटीच्या कुंपणापर्यंत ही झाडं अजून उभी आहेत. इतर फळं नसतात तेव्हाही यातलं एखादं झाड फळलेलं असतं. तांबट आणि आपला राज्यपक्षी हरियाल त्यांवर जगतात. म्हणून वटपौर्णिमेला बाजारातली तोडलेली फांदी आणू नकोस, सोसायटीतल्या बायकांनाही सांग. जवळचा उभा वड शोधा आणि सगळ्या मिळून तिथेच पूजेला जा.