एरुबिया : वांग्याच्या प्रजातीतील एक दुर्मिळ झुडूप

वांगी, बटाटा, टोमॅटो व मिरची ही आपल्या नित्य परिचयाची पिके कंटकारी (सोलॅनेसी) कुलातील होत. धोतरा आणि रिंगणी याही त्याच कुलातील वनस्पती. या कुलातील काही वनस्पती अन्न देतात, काही औषधी आहेत, तर काही विषारी आहेत. विषारी समजून उपटून टाकल्यामुळे नामशेष होण्याच्या मार्गावर आलेल्या एका झुडपाची हकिकत उद्‌बोधक आहे.

कॅरिबियन समुद्रातील प्वेर्तो रिको हे बेट अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांच्या अधिपत्याखाली आहे. तेथील डोंगरांत एरुबिया हे सदाहरित झुडूप उगवते. त्या बेटाबाहेर ते निसर्गतः आढळत नाही. ते वांग्याच्याच सोलॅनम प्रजातीतील असून सुमारे ५ मीटरपर्यंत वाढते. त्याच्या पानांवर तीक्ष्ण काटे असतात. १९०९ साली त्यास सोलॅनम ड्रायमोफिलम असे शास्त्रीय नाव देण्यात आले. अलीकडे सोलॅनम एन्सिफोलियम हे त्याहून जुने नाव ग्राह्य मानले जाते.

एरुबिया गुरांना विषारी आहे, असा पशुपालकांचा समज होता. त्यातच काट्यांचा उपद्रव. त्यामुळे कुरणांतून ते समूळ काढले गेले. जंगलतोडीनेही त्याचे क्षेत्र आटले. अखेर कायेयजवळील डोंगरासारख्या अडचणीच्या जागीच ते तग धरून राहिले. १९८८ साली अमेरिकेच्या १९७३ च्या कायद्यान्वये त्याची संकटग्रस्त वनस्पतींत नोंद झाली. तथापि, हा कायदा खाजगी जमिनीवरील वनस्पतींस मर्यादितच संरक्षण देतो. म्हणून जमीनमालकाचे सहकार्य तेथे अत्यावश्यक ठरते.

एखादी वनस्पती मोजक्याच जागी उरली, की एखादा वणवा किंवा दरड तिचा शेवट करू शकते. तिच्यासोबत तिचे गुणही जातात. पिकांच्या रानटी आप्तांमध्ये रोगप्रतिकारासारखे उपयुक्त गुण असू शकतात. ते तपासण्यापूर्वीच वनस्पती नष्ट झाल्यास हानी कायमची होते. आपल्याकडील रिंगणीही काटेरीच आहे, परंतु दशमुळांत तिला मानाचे स्थान आहे.

शिक्षकांनी विद्यार्थ्यांना वांग्याचे व रिंगणीचे फूल शेजारी ठेवून दाखवावे. पाच पाकळ्यांची चांदणी व मध्यभागी पिवळे परागकोश पाहताच दोहोंचे नाते मुलांच्या ध्यानी येईल. गुरांपासून धोका असेल तर कुंपण घालावे. परंतु अनोळखी रानझुडूप ओळख पटण्यापूर्वी समूळ उपटू नये, हाच एरुबियाचा धडा होय.