आधी कान, मग पाना

बडोद्याच्या वाडीतून एका निवृत्त शिक्षिकेचं पत्र आलं आहे. घरी दोन सायकली. एक काळी, रॉडब्रेकची २२ इंची अ‍ॅटलस; यजमान तिच्यावरून अलेम्बिकच्या कारखान्यात जात. दुसरी नातीची, गिअरची. गल्लीच्या तोंडावरचं दुरुस्तीचं दुकान बंद झालं आणि बाईंनी स्वतःच पाना हाती घ्यायचं ठरवलं. त्यांचे प्रश्न थोडे आटोपशीर करून इथे दिले आहेत.

प्रश्न : सायकल कुरकुरते, पण कुठून ते कळत नाही. आधी काय सोडायचं?

आधी काहीच सोडायचं नाही. सायकल थोड्या वेगात आणा आणि पायडल मारणं थांबवा. आवाज थांबला, तर दोष पायडल, क्रँक किंवा चेन यांच्यात आहे. चालूच राहिला, तर तो चाकांत आहे : मडगार्ड घासतंय, ब्रेकचा गुटका रिमला लागतोय किंवा हबमधले छर्रे खराब झालेत.

मग आवाजाचा ताल मोजा. पायडलच्या प्रत्येक फेरीला एकदाच ‘कट्’ होत असेल तर काळ्या सायकलीत पहिला संशय कॉटर पिनवर, म्हणजे क्रँक एक्सलला जखडणाऱ्या खिळीवर घ्या. दोन्ही क्रँक हातात धरून हलवा. एक जागच्या जागी किंचित डुलली, तर तिची कॉटर झिजली आहे. नट आवळून भागणार नाही, कारण नटाचं काम पिन धरून ठेवायचं असतं, ओढून बसवायचं नसतं. नवी पिन घाला, क्रँकखाली लाकडाचा ठोकळा टेकवा, हातोडीनं ठोकून बसवा आणि नंतर नट लावा. एका पायडल-फेरीत मागचं चाक साधारण अडीच वेळा फिरतं. त्या चालीनं आवाज येत असेल तर चाकाकडे वळा. आणि दोन-सव्वादोन पायडल-फेऱ्यांनी एकदा खट्ट होत असेल, तर चेनची एखादी कडी आखडली आहे, कारण चेनला पूर्ण फेरा घ्यायला तेवढाच वेळ लागतो.

प्रश्न : पंक्चर काढून आणलं की चार दिवसांत हवा पुन्हा जाते. ट्यूबच बदलू का?

कारण न शोधता बदललीत तर नवी ट्यूबही जाईल. सुरुवात वाल्वपासून करा. काळ्या सायकलीच्या जुन्या पद्धतीच्या वाल्वमध्ये रबराची एक बारीक नळी असते. ती उन्हानं चिरते आणि हवा हळूहळू गळते. वाल्वच्या तोंडावर पाण्याचा थेंब ठेवा. बुडबुडा आला तर ती नळी बदला, ट्यूबला हात लावू नका.

बुडबुडा आला नाही तर ट्यूब काढा. काढण्यापूर्वी तिची कुठली बाजू चेनकडे होती, त्याची पेनानं खूण करा. हवा भरून बादलीत बुडवा. भोक सापडलं की लगेच ठिगळ लावू नका. ते कुठे आहे, ते आधी बघा.

भोक टायरच्या बाजूला आणि एकटंच असेल, तर बाभळीचा काटा, काच किंवा तारेचा तुकडा अजून टायरमध्ये असण्याची दाट शक्यता आहे. वाल्वची जागा जुळवून ट्यूब टायरवर धरा, म्हणजे गुन्हेगाराचा पत्ता लागतो. टायरच्या आतून कापसाचा बोळा फिरवा. जिथे तंतू अडकतील तिथे काटा. भोक रिमकडच्या बाजूला असेल, तर आऱ्याचं टोक वर आलंय किंवा रिमवरची पट्टी सरकली आहे. शेजारीशेजारी दोन चिरा असतील, तर हवा कमी असताना चाक खड्ड्यात आपटलं आणि ट्यूब रिमच्या दोन कडांवर चिमटली गेली. आणि वाल्वच्या बुडाशी फाटली असेल तरच ट्यूब बदला. तिथे ठिगळ टिकत नाही.

ठिगळ निघण्याचं नेहमीचं कारण घाई हे असतं. घासकागदानं जागा खरखरीत करा, सोल्युशनचा पातळ थर द्या आणि पाच मिनिटं थांबा. बोटाला ओलं लागेनासं झालं की ठिगळ दाबा. सोल्युशनमधला द्रव उडून जायला हवा. ओल्यावर लावलेलं ठिगळ चार दिवसच टिकतं.

प्रश्न : मे महिन्यात उन्हात उभी केलेली सायकल फटकन फुटते. आतली हवा तापून फुगते म्हणून ना? मी हवा कमीच ठेवते.

हिशेब करून बघू. २५ अंशांना ५० पौंड हवा भरली आणि काळं टायर उन्हात ६५ अंशांपर्यंत तापलं असं धरलं, तरी दाब ५९ पौंडांच्या आतच राहतो. धडधाकट टायरला एवढी वाढ सहज पेलते. फुटतं ते कड चिरलेलं टायर, रिममध्ये नीट न बसलेलं टायर किंवा तापून सुटलेलं जुनं ठिगळ. फुटल्यावर दोष उन्हाला जातो, पण ऊन फक्त निमित्त असतं.

हवा कमी ठेवल्यानं उलट नुकसान होतं. टायर जास्त दबतं, जास्त तापतं, कडा चिरतात आणि वर सांगितलेल्या दोन चिरा पडतात. टायरच्या कडेवर दाबाचा आकडा छापलेला असतो. त्याच्या वर जाऊ नका आणि फार खालीही राहू नका.

प्रश्न : दुकानदार म्हणाला, चेन लांबली आहे. लोखंडी चेन लांबते कशी?

लोखंड लांबत नाही, सांधे झिजतात. हान्स रेनॉल्डनं १८८० साली मँचेस्टरमध्ये बुश आणि रोलरची जी चेन काढली, तिचीच घडण आजही आपल्या सायकलींवर चालते. एका पिनेपासून दुसऱ्या पिनेपर्यंत बरोबर अर्धा इंच. प्रत्येक पिन आपल्या बुशमध्ये फिरते आणि धूळ व जुनं तेल यांचा लगदा तिला कानशीसारखा खातो.

मोजणं सोपं आहे. शिवणकामाची टेप नको, ती ताणते. स्टीलची पट्टी घ्या. चेन ताठ धरा, एका पिनेच्या मध्यावर शून्य ठेवा आणि चोविसाव्या अंतरावरची पिन बघा. नव्या चेनमध्ये ती बरोबर १२ इंचांवर, म्हणजे ३०४.८ मिलिमीटरवर येते. नातीच्या गिअरच्या सायकलीत ती दीड मिलिमीटर पुढे गेली असेल तर चेन बदला. काळ्या सायकलीत ३ मिलिमीटरपर्यंत चालेल. दीड मिलिमीटर किरकोळ वाटेल, पण त्याचा अर्थ चोवीस सांध्यांपैकी प्रत्येक सांधा मिलिमीटरच्या सोळाव्या हिश्श्याएवढा झिजला. तशीच चालवलीत तर ती फ्रीव्हीलचे दातही झिजवते आणि मग नवी चेन जुन्या दातांवरून घसरते.

तेल प्रत्येक रोलरवर थेंब थेंब द्या, पायडल उलटं फिरवा, दहा मिनिटांनी बाहेरचं सगळं तेल फडक्यानं पुसून टाका. बाहेर राहिलेलं तेल फक्त धूळ ओढतं. शिवणयंत्राचं तेल चालेल, पण ते पातळ असल्यानं वरचेवर द्यावं लागेल. खोबरेल मात्र अजिबात नको. ते २४ अंशांच्या आसपास थिजतं आणि बडोद्याची जानेवारीतली रात्र त्याहून बरीच थंड असते. काळ्या सायकलीच्या चेनला मध्यभागी अर्धा ते पाऊण इंच ढील ठेवा. पूर्ण ताणलेली चेन पायाला जड जाते.

प्रश्न : डावं पायडल सोडायला गेले तर घट्टच होत गेलं. आटे खराब झालेत का?

आटे ठीक आहेत, उलटे आहेत. उजव्या पायडलला नेहमीचे आटे असतात, डाव्याला उलटे. एक पेन्सिल मुठीत सैल धरा आणि तिचं वरचं टोक दुसऱ्या हातानं गोल फिरवा. मुठीतली पेन्सिल स्वतःभोवती उलट्या दिशेला फिरताना दिसेल. पायाचा जोर पायडलच्या दांड्यावर फेरीभर असाच चहूबाजूंनी फिरत असतो आणि क्रँकच्या भोकात दांडा कणाकणानं उलटा सरकत असतो. डावीकडे नेहमीचे आटे असते, तर चालवता चालवता पायडल सुटून पडलं असतं.

डावं-उजवं लक्षात ठेवायची गरज नाही. पाना वरच्या बाजूला धरा. मागच्या चाकाकडे ढकलला की पायडल सुटतं, पुढच्या चाकाकडे ढकलला की आवळतं. दोन्ही बाजूंना हाच नियम. बसवताना आट्यांना ग्रीस लावा आणि पहिले तीन-चार फेर हातानं फिरवा. पायडल तिरपं शिरलं तर क्रँकचे आटे कायमचे जातात.

प्रश्न : उत्तरायणानंतर मागचं चाक जड फिरतंय. तेल दिलं, फरक नाही.

हा खास आपल्याकडचा आजार. १४-१५ जानेवारीला रस्त्यावर पडलेला पतंगांचा मांजा चाकात गुंडाळला जातो आणि हबच्या टोकाशी, कोन आणि कपाच्या फटीत जाऊन बसतो. मागच्या चाकात तो फ्रीव्हीलच्या मागेही दडतो. राष्ट्रीय हरित लवादानं २०१७ साली नायलॉनच्या मांज्यावर बंदी घातली, तरी तो मिळतो. सुती दोरा कालांतरानं कुजतो, नायलॉन कुजत नाही.

दोरा ओढू नका, ओढला की अधिक आत रुततो. जाड फडकं हाताला गुंडाळा, कारण मांज्यावरची काचेची भुकटी कातडं कापते. गुंडाळी ब्लेडनं आडवी कापा, मग तुकडे चिमट्यानं काढा. नंतर चाक उचलून हळू फिरवा. हाताला खरखर जाणवली तर काचेची भुकटी छर्ऱ्यांपर्यंत पोचली आहे. तेल घातल्यानं ती आणखी आत जाते. हब उघडून धुवावाच लागेल.

प्रश्न : ऑगस्ट २०२४ च्या पुरात नातीची सायकल समा भागात तळमजल्यावर पाण्यात होती. धुऊन पुसून ठेवली, आता सगळंच करकरतं.

विश्वामित्रीच्या पुरातला गाळ पुसून जात नाही, कारण तो बेअरिंगमध्ये असतो. चार जागा उघडाव्या लागतील : पुढचा हब, मागचा हब, पायडलचा मधला एक्सल आणि हँडलचा काटा. सीटची दांडी काढून फ्रेम उलटी धरा. नळ्यांमध्ये अडकलेलं पाणी आतून गंज धरवतं.

प्रत्येक जागेखाली परात ठेवून उघडा आणि छर्रे मोजा. सुटे छर्रे असतील तर मागच्या हबमध्ये साधारणपणे दर बाजूला पाव इंचाचे ९ असतात. रॉकेल किंवा डिझेलनं धुवा, शेगडीपासून लांब. छर्ऱ्यावर एक जरी डाग किंवा खड्डा असेल तर त्या बाजूचे सगळे बदला. जुने-नवे मिसळले की सगळा भार नव्यांवर येतो. कपात ताजं ग्रीस भरा, छर्रे त्यात बसवा, आणि कोन एवढाच आवळा की चाक मोकळं फिरेल पण हातानं डावी-उजवीकडे हलणार नाही. चारपैकी मधल्या एक्सलला आणि बंद डबीच्या बेअरिंगना खास हत्यारं लागतात. त्यासाठी दुकान गाठा.

प्रश्न : काळ्या सायकलीचा ब्रेक पावसात लागतच नाही. आणि अ‍ॅटलस तर बंद झाली, मग सामान कुठलं मिळणार?

ओल्या स्टीलच्या रिमवर रबराची पकड फारच कमी होते. पहिले एक-दोन फेर गुटका फक्त पाणी पुसत असतो. म्हणून पावसात ब्रेक लवकर आणि हलका लावायला सुरुवात करा. कोरड्यातही लागत नसेल तर रिमवर तेल आहे का बघा, साबणानं धुवा. गुटका रिमपासून साधारण ३ मिलिमीटरवर ठेवा. नवा बसवताना त्याच्या पत्र्याच्या चौकटीचं बंद तोंड चाक फिरतं त्या दिशेला हवं. उलटं बसवलंत तर ब्रेक दाबताच गुटका घसरून बाहेर पडतो, तोही नेमका गरजेच्या वेळी.

सामानाची चिंता नको. अ‍ॅटलसचा साहिबाबादचा कारखाना ३ जून २०२० ला थांबला, तो दिवस जागतिक सायकल दिनाचा होता. पण आपल्याकडच्या बहुतेक काळ्या सायकली एकाच जुन्या इंग्रजी नमुन्यावर बनल्या. टायर २८ × १½, चेन अर्धा × एक अष्टमांश इंच. एकीचा भाग सहसा दुसरीला बसतो. टायर घेताना मात्र फक्त ‘२८’ सांगू नका. नव्या सायकलींचं २८ इंची म्हणून मिळणारं टायर बहुधा ६२२ मिलिमीटरचं असतं, तुमच्या रिमला ६३५ चं लागतं. कडेवरचा हा आकडा वाचूनच पैसे द्या.

बाई, एवढं घरी जमेल. वेडंवाकडं झालेलं चाक सरळ करणं, तुटलेले आरे, फ्रेमची चीर आणि झिजलेलं फ्रीव्हील ही कामं मात्र कारागिराचीच. जाताना दोष कुठे आहे हे सांगता आलं, तर त्याचा वेळ आणि तुमचे पैसे दोन्ही वाचतील. त्याच्या कौशल्याचे पैसे द्यायला मागेपुढे पाहू नका, असे कारागीर आता कमी होत चालले आहेत.