मुलीच्या दहावीसाठी शिक्षिकेला रजा मिळते का?

प्रश्न : जिल्हा परिषदेच्या दोनशिक्षकी शाळेतील एका भगिनींची मुलगी यंदा दहावीला आहे. शाळा, वह्या आणि स्वयंपाक यांतून तिच्यासाठी वेळच उरत नाही. काही सवलत मिळेल का, असे त्या विचारतात.

उत्तर : मिळते, आणि ती मागताना संकोचण्याचे कारण नाही. राज्य शासनाने २०१८मध्ये महिला कर्मचाऱ्यांना संपूर्ण सेवेत १८० दिवसांची बालसंगोपन रजा लागू केली. जिल्हा परिषदेच्या शिक्षिकाही तीत येतात. मूल १८ वर्षांचे होईपर्यंत ती घेता येते, वर्षाला जास्तीत जास्त दोन महिने. रजा म्हटले की तान्हे बाळच डोळ्यांपुढे येते; पण परीक्षेआधीचे पंधरा दिवसही तीत बसतात. मात्र आधी मंजुरी लागते. दोनशिक्षकी शाळेत एक शिक्षिका नसली की सगळे वर्ग दुसऱ्यावर पडतात, म्हणून अर्ज लवकर द्यावा.

शिक्षण हक्क कायद्यातील आठवड्याच्या ४५ तासांत पाठाची तयारीही धरलेली आहे. ती रोज रात्री घरी करावी लागत असेल, तर मुख्याध्यापकांशी स्पष्ट बोलावे.

खरा पेच घरातला आहे. २०१९च्या राष्ट्रीय वेळ-वापर सर्वेक्षणात घरकाम करणाऱ्या स्त्रिया त्यावर रोज सरासरी २९९ मिनिटे देतात, पुरुष ९७. रजा संपली तरी हा फरक राहतोच. संध्याकाळचा स्वयंपाक आठवड्यातून तीन दिवस जरी पतीने उचलला, तरी मुलीशेजारी बसायला आईला वेळ मिळेल. या भगिनींनी हे उत्तर घरी सर्वांसमोर वाचून दाखवावे.